विचारा ताईंना : नर्सिंगची सीट आणि हॉस्पिटलचे बेड

बारावीचा निकाल लागून झाला, ॲडमिशनचे राउंड चालू आहेत आणि माझ्या टेबलावरच्या पत्रांत यावेळी नर्सिंगच जास्त आहे. गोव्यातल्या वाळपईपासून काणकोणपर्यंत. मी वॉर्डात आणि क्लासरूममध्ये आयुष्य काढलं त्यामुळे संपादकांनी सगळी पत्रं माझ्याकडेच ढकलली, म्हटलं चला, यंदाचा पूर्ण अंक यालाच देऊ. काही पत्रं लांब होती ती थोडी कापलीत, रागावू नका.

"ताई, आमच्या बायला बारावी सायन्सला ७८ टक्के पडले पण नीटला फिजिक्सने घात केला. तिला बांबोळीच्या सरकारी नर्सिंग कॉलेजातच जायचंय, पहिल्या राउंडला नाव लागलं नाही. आता नातेवाईक म्हणतात एवढे मार्क असून नर्सिंगला घेतलं नाही म्हणजे काय. मिस्टर म्हणतात ड्रॉप घे. ती दिवसभर खोलीतून बाहेर येत नाही, जेवायला पण दहा हाका माराव्या लागतात. काय करू?" – एक आई, वाळपई

आधी त्या नातेवाईकांचं बघू. त्यांच्या डोक्यात अजून तो जुना काळ आहे, जेव्हा कुठेच नाही मिळालं की पोरीला नर्सिंगला घालायचे. आता तसं राहिलेलं नाही हो. सरकारी कॉलेजची फी परवडते, शेजारीच गोवा मेडिकल कॉलेजसारखं (जीएमसी) हॉस्पिटल शिकायला मिळतं, पास झाल्यावर घरी बसायची वेळ सहसा येत नाही आणि बाहेर देशात जायचा रस्ता उघडा असतो, मग गर्दी होणार नाही तर काय. पेपरात वाचून लोकांना वाटतं की पीसीबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ४५ टक्के असले की नर्सिंग मिळतं, पण ४५ टक्के ही फक्त फॉर्म भरायची अट आहे, सीट लागते ती नीटच्या रँकवर. फॉर्म भरायला पात्र असलेली मुलं ढीगभर, सीट मोजक्या, म्हणजे ४५ च्या कितीतरी वर असलेली मुलं पण बाहेर राहतात. ७८ टक्के वाईट आहेत असं कोणी म्हणत असेल तर त्याला स्वतःची मार्कलिस्ट आणायला सांगा.

आता कामाचं. पहिल्या राउंडला नाव नाही म्हणजे संपलं असं अजिबात नाही. वरच्या रँकची बरीच मुलं हातात काहीतरी असावं म्हणून नर्सिंगची सीट धरून ठेवतात आणि नंतर बीडीएस, बीएएमएस, फिजिओ असं काही मिळालं की सोडून जातात. ती सोडलेली सीट पुढच्या राउंडला खाली सरकते. म्हणून पर्वरीच्या डीटीईच्या (तंत्रशिक्षण संचालनालयाच्या) वेबसाइटवर रोज नजर ठेवा, रोज म्हणजे रोज, शेजारीण सांगेल म्हणून थांबू नका, आणि मामलेदाराकडचा रहिवासी दाखला, जातीचा असेल तर तो, मेडिकल फिटनेस, सगळं एका फाइलमध्ये तयार ठेवा. नाव लागलं पण दाखला नाही म्हणून सीट गेलेली मुलं मी पाहिलीत, रडणं बघवत नाही.

ड्रॉपचं सांगते. ड्रॉप घ्यायचा की नाही हे मिस्टरांच्या किंवा माझ्या सांगण्यावर नको, मार्कलिस्ट समोर घेऊन ठरवा. नीट ७२० ची, त्यात बायोलॉजी एकटं ३६० चं, फिजिक्स १८० आणि केमिस्ट्री १८०. बायचे बायोलॉजीचे मार्क जर चांगले आहेत आणि फक्त फिजिक्स पडलंय तर एका वर्षात फरक पडू शकतो, कारण एका चुकीला एक मार्क कापतात आणि बरीच मुलं फिजिक्समध्ये अंदाजपंचे ठोकून बायोलॉजीत कमावलेलं घालवतात. नुसतं न येणारे प्रश्न सोडून द्यायला शिकली तरी मार्क वाढतील. पण बायोलॉजीच कच्चं असेल तर ड्रॉप घेऊन तेच परत होणार, मग त्यापेक्षा जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचा विचार करा. जीएनएम ३ वर्षांचं, ते करून नर्सिंग कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन झालं की पोस्ट बेसिक बीएस्सी २ वर्षांचं करता येतं. एक वर्ष जास्त जातं आणि शेवटी डिग्री हातात येतेच, शिवाय मधे नोकरी पण करता येते.

आणि तिला खोलीतून बाहेर काढा. शेतात न्या, देवळात न्या, भाजी निवडायला बसवा. नीट, राउंड, कटऑफ हे शब्द आठ दिवस घरात कोणी काढायचे नाहीत, नातेवाईकांनी तर मुळीच नाहीत.

"एवढी मुलं मागे लागलीत तर सरकार सीट डबल का करत नाही? बिल्डिंग बांधायला काय लागतं?" – एक वैतागलेला बाप, म्हापसा

बिल्डिंग बांधायला काही लागत नाही, खरंय. पण नर्स बिल्डिंगमध्ये तयार होत नाही, बेडच्या बाजूला उभी राहून तयार होते.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम असा की पोस्टिंगला (वॉर्डात कामाला) असलेल्या एका विद्यार्थ्यामागे निदान ३ पेशंट पाहिजेत आणि १० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक. आता हिशेब करा. ६० सीटचं कॉलेज धरा. चार वर्षांची मिळून २४० मुलं झाली, त्यांना २४ शिक्षक लागले, आणि त्यातले बरेच एमएस्सी झालेले, अनुभव असलेले, जे मिळतच नाहीत कारण शिकवण्यापेक्षा आयर्लंडला जाऊन वॉर्डात काम केलं तर कितीतरी जास्त पगार मिळतो (मी त्यांना दोष देत नाही). २४० मुलं एकाच वेळी वॉर्डात नसतात, काही क्लासमध्ये, काही गावातल्या हेल्थ सेंटरला, काही आयपीएचबीत, म्हणजे मानसिक आजारांच्या सरकारी हॉस्पिटलात, सायकियाट्रीच्या पोस्टिंगला. तरीसुद्धा शेकड्याने बेड लागतात, आणि बेड म्हणजे नुसती लोखंडी खाट नव्हे, त्यावर पेशंट पाहिजे. त्याच पेशंटकडे एमबीबीएसची मुलं येतात, इंटर्न येतात, फिजिओवाले येतात, मग आमच्या मुली. सकाळपासून पाचव्या माणसाने बीपी बघायला हात मागितला की तो पेशंट काय बोलतो ते इथे छापता येणार नाही.

आणि सगळ्यात अडतं कुठे माहितीय? लेबर रूममध्ये. बीएस्सी नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठराविक नॉर्मल डिलिव्हरी स्वतःच्या हाताने कराव्या लागतात, प्रत्येकीची नोंद केसबुकात, खाली सही. आपलं राज्य केवढं, २०११ च्या जनगणनेत १४ लाख ५८ हजार माणसं. त्यात बाळंतपणं होऊन होऊन किती होणार आणि त्यातली बरीच खाजगी हॉस्पिटलात, आणि सिझेरियन झालं की ते नॉर्मलमध्ये मोजत नाहीत. सीट डबल केल्या तर केसबुकं भरायची कुठून? मग खोट्या सह्या होतात. त्या खोट्या सहीवाली नर्स उद्या तुमच्या सुनेच्या बाळंतपणाला उभी असेल.

सरकारने काहीच करू नये असं मी म्हणत नाही. म्हापशाचं आणि मडगावचं अशी दोन जिल्हा हॉस्पिटलं आहेत, तिथले पेशंट शिकवण्यासाठी जास्त वापरता येतील आणि शिक्षकांच्या जागा वेळेवर भरता येतील. मागायचंच असेल तर आमदाराकडे शिक्षक मागा, बिल्डिंग ते न मागता पण बांधतात.

"एका ओळखीच्या माणसाने बाहेरच्या राज्यात बीएस्सी नर्सिंगची सीट देतो म्हणून सांगितलंय. तो म्हणतो एंट्रन्स लागत नाही, कॉलेजला रोज जायची पण गरज नाही, परीक्षेला गेलं की झालं. सोमवारपर्यंत ॲडव्हान्स आणि मुलीची ओरिजिनल मार्कशीट मागतोय. माणूस चांगला वाटतो, आमच्या गावच्या जत्रेला पण येऊन गेला. द्यावी का?" – फोंडा

नको. सोमवारी नको, मंगळवारी नको, चवथीनंतर पण नको.

थोडं रागाने लिहितेय कारण दरवर्षी हे होतं आणि दरवर्षी माणूस चांगलाच वाटतो. वाईट वाटणारा माणूस एजंट होऊच शकत नाही, त्याचा धंदाच चालणार नाही.

तो म्हणतो रोज जायची गरज नाही. बीएस्सी नर्सिंगला परीक्षेला बसायलाच थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत ८० टक्के हजेरी लागते, आणि डिग्री हातात पडायच्या आधी क्लिनिकलची हजेरी १०० टक्के भरून काढावी लागते. १०० म्हणजे १०० हो, आजारी पडली तर ते दिवस पण नंतर करावे लागतात. मग घरी बसून नर्सिंग कसं होईल? कागदावर होईल. पुढे स्टेट नर्सिंग कौन्सिलकडे रजिस्ट्रेशनला गेल्यावर कागद तपासले जातात आणि तिथे अडकलं की चार वर्षं आणि सगळे पैसे पाण्यात, कारण रजिस्ट्रेशन नसलेल्या नर्सला कुठलंही सरळ हॉस्पिटल घेत नाही. आणि समजा घेतलं, तर तिला सलाईन लावता येणार आहे का?

ओरिजिनल मार्कशीट तर कोणालाच द्यायची नाही. ओरिजिनल दाखवायची असते, तपासली की परत घ्यायची, झेरॉक्स द्यायची. यूजीसीने २०१८ सालीच सांगितलंय की कॉलेजांनी मुलांची मूळ सर्टिफिकेटं ठेवून घ्यायची नाहीत. कॉलेजलाच ठेवता येत नाही तर हा कोण लागून गेला? एकदा मार्कशीट त्याच्या बॅगेत गेली की मग तुमचं "आम्हाला नको" पण चालत नाही, तो म्हणतो आधी कॅन्सलेशनचे पैसे द्या.

बाहेर पाठवूच नका असं नाही. आपल्या कितीतरी मुली बेळगावला, कोल्हापूरला, मंगळूरला शिकल्या आणि उत्तम नर्स झाल्या. पण कॉलेजचं नाव घेऊन इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या वेबसाइटवर त्या राज्याच्या यादीत आहे का बघा, त्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे बघा, कुठल्या युनिव्हर्सिटीशी जोडलंय ते बघा. हे घरबसल्या होतं. त्यानंतर गाडी काढा आणि प्रत्यक्ष जा, आणि तिथे गेल्यावर कॉलेज बघू नका, हॉस्पिटल बघा. बीएस्सीच्या कॉलेजचं स्वतःचं निदान १०० बेडचं हॉस्पिटल असायला पाहिजे. ते चालू आहे का, ओपीडीला रांग आहे का, वॉर्डात पेशंट आहेत की नुसत्या इस्त्रीच्या चादरी घातलेत, संध्याकाळी व्हिजिटिंग अवरला माणसं येतात का. बाहेरच्या चहाच्या गाड्यावाल्याला विचारा. ज्या हॉस्पिटलसमोर चहावाल्याचा धंदा होत नाही तिथे पेशंट नाहीत, एवढं साधं आहे. हॉस्टेलच्या मुलींना गाठून विचारा की तुमची पोस्टिंग कुठे असते, रोज किती लांब जाता. बस भरून तासभर लांबच्या हॉस्पिटलात नेतात असं कळलं तर समजा की इथे स्वतःचं काही नाही.

भाषेचा पण विचार करा, हे कोणी बोलत नाही. पेशंटशी बोलल्याशिवाय नर्सिंग शिकता येत नाही. बेळगाव कोल्हापूरला मराठी चालून जाते, मंगळूरला कोकणीवर थोडं भागतं, त्याच्या पुढे आत गेलं की पहिलं वर्ष मुलगी पेशंटच्या तोंडाकडे बघत उभी राहते. शिकतात हळूहळू, पण ते वर्ष जड जातं. एंट्रन्सचं म्हणाल तर महाराष्ट्रात सीईटी सेल नर्सिंगची वेगळी सीईटी घेतं, १०० मार्कांची, फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी इंग्लिश आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड प्रत्येकी २०. नीटपेक्षा खूपच सोपा मामला. पण तिकडच्या सरकारी कॉलेजात तिथलं डोमिसाइल लागतं तेव्हा आपल्या मुलांसाठी ते खाजगी कॉलेजपुरतंच धरा आणि फी आधी विचारा.

पैशाची अडचण असेल तर एजंटच्या हप्त्यांपेक्षा गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनकडे बिनव्याजी शैक्षणिक कर्ज असतं, तिथे जाऊन अटी विचारा. कॉलेज रीतसर मान्यता असलेलं पाहिजे हे तिथे पण बघतातच, म्हणजे तुमचं अर्धं काम तेच करतील.

"मी मुलगा आहे, आर्ट्स करून बारावी झालो. आजोबा आजारी होते तेव्हा दोन वर्षं सगळं मीच केलं, ट्यूबने भरवणं, कूस बदलणं, बेडसोर झाले ते ड्रेसिंग. तेव्हापासून नर्सिंग करावंसं वाटतं. मित्र हसतात. आर्ट्सवाल्याला आणि मुलाला घेतात का?" – पेडणे

घेतात. बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी पाहिजेच त्यामुळे ते नाही, पण जीएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते, ४० टक्के आणि इंग्लिश विषय पाहिजे, बास. पुढे पोस्ट बेसिक करून डिग्री होते ते वर लिहिलंय. पहिले सहा महिने ॲनाटॉमी फिजिओलॉजी डोक्यावरून जाईल, अकरावी बारावीची बायोलॉजीची पुस्तकं कोणाकडून तरी मागून आतापासून वाचायला लाग.

मुलांना सीट कमी मिळतात, नोकरीत पण कमी. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या भरतीत ८० टक्के बायका आणि २० टक्के पुरुष असं ठरलेलंच आहे, तर ते डोळे उघडे ठेवून ये. पण ऑर्थोपेडिक, कॅज्युअल्टी, सायकियाट्री, आयसीयू इथे मुलगे पाहिजेच असतात, आणि ८० किलोच्या माणसाची कूस बदलताना सगळ्यांना तेच आठवतात. मित्रांचं सोड. बेडसोरचं ड्रेसिंग दोन वर्षं न चुकता केलंस, ते माझ्या कितीतरी टॉपर विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी बघवलं नव्हतं.

"मिलिटरी नर्सिंगबद्दल ऐकलं, फी नाही आणि डायरेक्ट ऑफिसर होतात म्हणे. खरं का? आणि एम्स?" – बारावीची विद्यार्थिनी, काणकोण

खरं आहे, आणि मला आश्चर्य वाटतं की आपल्याकडे याची चौकशी इतक्या कमी मुली करतात. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या बीएस्सीला देशभरात सहा कॉलेजं मिळून २२० सीट आहेत, आपल्याला जवळची म्हणजे पुण्याचं एएफएमसी (सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज) आणि मुंबईत कुलाब्याचं नौदलाचं हॉस्पिटल आयएनएचएस अश्विनी, दोन्हीकडे ४०-४०. आधी नीट द्यायची, त्यातून शॉर्टलिस्ट, मग इंग्लिश आणि जनरल इंटेलिजन्सची कॉम्प्युटरवर परीक्षा, मानसिक चाचणी, इंटरव्ह्यू, मेडिकल. शिकून झालं की लेफ्टनंट म्हणून कमिशन. फक्त मुलींसाठी आहे, लग्न झालेलं नको, बारावीत पीसीबी आणि इंग्लिशला निदान ५० टक्के आणि तेही पहिल्याच प्रयत्नात. बाँड असतो, सर्व्हिस करावीच लागते, आणि पोस्टिंग कुठेही, काणकोण सोडून कुठेही असं धर. घरी आईला आत्ताच सांगून ठेव.

एम्सची परीक्षा वेगळी, त्यांची स्वतःची. फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी ३०-३० आणि १० मार्कांचं जनरल नॉलेज, चुकीला एक तृतीयांश कापतात, आणि बारावीत ५५ टक्के पाहिजेत. पाँडिचेरीचं जिपमेर मात्र नीटवर घेतं. म्हणजे एक नीट नीट दिलीस (हसू नको) तर दोन तीन दारं एकदम उघडतात. इंटरव्ह्यूला इंग्लिश बोलायचा सराव कर, आपल्या मुलींना सगळं येतं पण तोंडातून निघत नाही. घरात कोणी नसेल तर आरशासमोर बोल.

थोडक्यात उत्तरं

साखळी : बारावीला मॅथ्स होतं, बायोलॉजी नव्हतं, तर बीएस्सी नर्सिंग नाही. जीएनएम होईल.

केपे : मामा इंग्लंडमध्ये स्विंडनला आहे, घरात पोर्तुगीज पासपोर्ट आहे, तर नर्सिंग न करता तिकडे जाऊन केअर होममध्ये लागू का, असं विचारलंय. लागता येईल तर लागा, पण केअर असिस्टंट आणि रजिस्टर्ड नर्स यांच्या पगारात आणि कामात खूप अंतर आहे. नर्स म्हणून तिकडे उभं राहायचं तर इथलं शिक्षण, इथलं रजिस्ट्रेशन, इंग्लिशची परीक्षा आणि मग त्यांच्या कौन्सिलच्या दोन परीक्षा, एक कॉम्प्युटरवर आणि एक प्रत्यक्ष करून दाखवायची. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे २०२१ पासून, नव्याने जाणाऱ्याला नुसत्या पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे काम करता येत नाही, व्हिसा लागतो, आणि पासपोर्ट कुठलाही असला तरी परीक्षा सुटत नाही.

डिचोली : एएनएमला (गावपातळीवरच्या नर्सच्या कोर्सला) कमी समजू नका. २ वर्षांचं आहे, गावातल्या सबसेंटरवर लसीकरणापासून बाळंतिणीपर्यंत सगळं तीच बघते. कोविडची लस तुमच्या गावात कोणी टोचली ते आठवा.

सांगे : मुलगी हुशार आहे, एक वर्ष आधी शाळेत घातली, १७ वर्षं येत्या १२ जानेवारीला पूर्ण होतील, चालेल का? नाही चालत. ज्या वर्षी ॲडमिशन त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण पाहिजेत, बारा दिवस कमी म्हणजे कमीच. पुढच्या वर्षी फॉर्म भरा, तोपर्यंत नीटचा अभ्यास चालू ठेवा. जन्मतारीख ॲडजस्ट करून देतो असं सांगणारा कोणी भेटला तर फोंड्याच्या पत्राचं उत्तर त्याला वाचून दाखवा.